रूप आणि चाल

खेळावर टीकालेख लिहावा, ही कल्पनाच पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. नाटकावर लिहावे, कादंबरीवर लिहावे, फार तर चित्रपटावर लिहावे. परंतु मुलांनी मोबाइलच्या पडद्यावर बोटे नाचवीत घालवलेल्या वेळेला समीक्षेचा मान कशासाठी द्यायचा, असा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात उभा राहील. त्यांना एवढेच विनवायचे आहे की, ज्या समाजाच्या सर्वांत मोठ्या महाकाव्यातील अनर्थ द्यूताच्या पटावर घडतो, त्या समाजाने तरी खेळ ही क्षुल्लक बाब मानू नये. शिवाय आज मुले पुस्तकांपेक्षा खेळांत अधिक वेळ रमतात, हे उघड आहे. ज्यात ती रमतात त्याचे बरेवाईट पारखण्याची काही कसोटी वडीलमंडळींपाशी असलीच पाहिजे.

व्हिडिओ खेळांची चर्चा निघाली की दोन इंग्रजी शब्द वारंवार कानी पडतात: ग्राफिक्स आणि गेमप्ले. पहिल्याला आपण ‘रूप’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘चाल’. चाल हा शब्द आम्ही विचारपूर्वक निवडला आहे. सोंगटीला चाल असते, बैलाला चाल असते आणि पदालाही चाल असते. रूप म्हणजे पडद्यावर डोळ्यांना दिसते ते सर्व. चाल म्हणजे खेळणाऱ्याने काय करायचे, त्याला काय करता येणार नाही, आणि त्याने जे केले त्यातून पुढे काय घडेल, याची नियमबद्ध व्यवस्था. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, खेळाची किंमत प्रथम चालीवरून ठरवावी. आणि चाल पकड घेणारी निघाली म्हणून तेथेच न थांबता, ती चाल माणसाकडून काय मागते हेही तपासावे.

पांढुर्णा-सौसरकडच्या माणसाला यातला पहिला भाग समजावून सांगण्याची गरज पडू नये. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, पण घरातली बोली मराठी आणि सणवार वऱ्हाड-नागपूरकडचे. पोळ्याला येथे बैल सजतात, आणि तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात. लाकडी बैलाचे कौतुक त्याच्या झुलीवरून, बाशिंगावरून, शिंगांना लावलेल्या बेगडावरून होते, आणि ते योग्यच आहे. कारण त्याला औत ओढायचे नसते. पण बैलबाजारात खरी जोडी घेताना शेतकरी झूल पाहत बसत नाही. तो बैलाचे दात पाहतो आणि त्याला चालवून पाहतो. व्हिडिओ खेळ विकत घेताना किंवा त्यांचे कौतुक करताना मात्र आपण तान्ह्या पोळ्याचीच नजर वापरतो. जाहिरातीत चित्रे दिसतात, चाल दिसत नाही; म्हणून चित्रांवरच सौदा ठरतो.

आपल्या जुन्या खेळांत ही गल्लत नव्हती. आमच्या किनारपट्टीवरील वाचकांपैकी काहींच्या घरी चन्नेमणे असेल. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी, मूठभर बिया आणि हिशेबात गुंतलेली बुद्धी. ती फळी उत्तम लाकडाची असली, तिच्या कडेला नक्षी असली, तर आनंदच आहे. पण अंगणातल्या मातीत बोटांनी चौदा खळगे करून चिंचोके घेतले, तरी खेळात कणभर उणे येत नाही. वाघ-बकरीचा पट कोळशाने ओसरीवर आखता येतो. हंपीच्या मंदिरांत दगडी फरशांवर खेळांचे पट कोरलेले आजही पाहायला मिळतात. भोवताली खांबाखांबांवर शिल्पवैभव आणि फरशीवर मात्र काही सरळ, काही तिरप्या रेघा! खेळणाऱ्यांना तेवढ्यावर भागत असे. तुलना फार ताणू नये, पण पूजेला बसलेला यजमान तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवून तिच्यावर गणपतीचे आवाहन करतो, तेव्हा त्या सुपारीला सोंड नाही म्हणून कोणी खंत करीत नाही. विधीने तिला जे पद दिले, ते रूपावर अवलंबून नसते. चिंचोकाही नियमाने सोंगटी होतो. त्यावर रंग चढवणे ही नंतरची गोष्ट.

व्हिडिओ खेळांच्या इतिहासात याचा सर्वांत निर्मळ पुरावा म्हणजे टेट्रिस. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ साली रचला. त्यांच्यापुढील इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकाला चित्रे काढण्याची सोयच नव्हती. पडद्यावर केवळ अक्षरे आणि चिन्हे उमटत. तेव्हा त्यांनी कंसाची चिन्हे शेजारी शेजारी मांडून चौकोन सिद्ध केले. चार-चार चौकोनांच्या सात आकृती. त्या एकेक करून वरून पडतात. त्यांना फिरवून अशा बसवायच्या की आडवी ओळ भरावी. भरलेली ओळ नाहीशी होते, आणि हळूहळू पडण्याचा वेग वाढत जातो. एवढाच खेळ. आलेला तुकडा नाकारण्याची मुभा नाही; तो कोठे ठेवायचा एवढेच आपल्या हाती, आणि आज तो जेथे ठेवू तेथे उद्याच्या तुकड्याची सोय किंवा अडचण होणार. संसार केलेल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगायला नको. या खेळाच्या १९८९ सालच्या एका आवृत्तीत, डिसेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने इतकी मजल मारली की यंत्रच गोठून बसले. तेथवर पोहोचलेला तो पहिला मनुष्य. ज्या काळात पडद्यावर गवताची पाती वाऱ्याने हलताना दिसू शकतात, त्या काळातील मुलगा आपल्या जन्मापूर्वीच्या चौकोनांशी झुंजत बसतो, याचे कारण रूपात सापडणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक ओळखीचे. १९९७ च्या अखेरीस नोकियाच्या ६११० या फोनबरोबर सापाचा खेळ आला, आणि पुढे त्या कंपनीच्या साध्या फोनांमधून तो आपल्याकडे घराघरांत पोहोचला. साप म्हणजे एकरंगी पडद्यावरची काळ्या ठिपक्यांची रेघ. भक्ष्य गिळले की ती लांबते, आणि लांबलेले शेपूटच शेवटी वाटेत आडवे येते. ज्यांनी आयुष्यात दुसरा व्हिडिओ खेळ खेळला नाही अशा गृहस्थांनीही बसस्थानकावर गाडीची वाट पाहत तो खेळला. त्यांना तो कोणी शिकवावा लागला नाही, आणि सापाला खवले का नाहीत असेही कोणी विचारले नाही.

येथे वकिली पेशातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खेळ म्हणजे काय, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने फारसा विचारला नाही. पण कायद्याने तो फार पूर्वीच विचारला. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेवले. साहजिकच एखाद्या खेळात कौशल्य किती आणि दैव किती, हे ठरवण्याची पाळी न्यायालयांवर आली. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने बक्षीस-स्पर्धांच्या संदर्भात हा भेद मांडला. १९६७ साली सत्यनारायण प्रकरणी रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, कारण कोणती पाने पडली हे ध्यानात ठेवावे लागते, आणि कोणते पान धरावे, कोणते टाकावे याचा विवेक करावा लागतो. १९९६ साली लक्ष्मणन प्रकरणी घोड्यांच्या शर्यतींनाही हीच कसोटी लावली गेली. पत्त्यांवरील राजा-राणी सुबक छापली आहेत की नाहीत, याचा विचार करण्याचे न्यायासनाला कारणच नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने, जेथे पैसा लावला जातो तेथे कौशल्य आणि दैव हा भेद निरर्थक ठरवून सरसकट बंदी आणली. त्या कायद्याची चर्चा वेगळी. समीक्षकाने मात्र न्यायालयांचा जुना प्रश्न जतन करून ठेवावा: या खेळात खेळणाऱ्याच्या हाती नेमके काय आहे?

हा प्रश्न आपल्याच एका लोकप्रिय खेळाला विचारून पाहू. नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीच्या विकास जयस्वाल यांनी २०१६ साली ‘ल्युडो किंग’ आणला. २०२० च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेली कुटुंबे त्याच्या पटाभोवती जमली. दहा कोटींहून अधिक वेळा तो फोनांवर उतरवला गेला आहे. त्याचे रूप अगदी सामान्य: चार रंग, एक फासा, काही सोंगट्या. तेव्हा रूपाविना खेळ जिंकतो, याचे हे घरचेच उदाहरण. पण तेवढ्याने त्याला उत्तम खेळ म्हणता येईल काय? ल्युडो हे आपल्या पचिशीचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात झालेले सोपे रूपांतर. पचिशीत समोरासमोर बसलेले भिडू असत, कवड्यांचे दान असे, आणि दान पडले तरी चाल न घेता दबा धरून बसण्याची मुभा असे. भिडूसाठी आपली सोंगटी मागे ठेवावी काय, हा प्रश्न डाव रंगवीत असे. ल्युडोत त्यातले पुष्कळसे गळून पडले, आणि चारांपैकी कोणती सोंगटी पुढे काढायची एवढाच विचार प्रायः उरला. हा खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा वाद २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, यात नवल नाही. दैवाच्या खेळाचा एक सामाजिक गुण मात्र मान्य केला पाहिजे: त्यात आजी आणि नात बरोबरीने बसू शकतात. ल्युडो किंग ही उत्तम सोबत आहे. खेळ म्हणून तो लहान आहे. साधे रूप हा स्वयमेव गुण नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

यावर एखादा चिकित्सक वाचक विचारील, ‘मग आपला मोक्षपट काय म्हणायचा? त्यात तर खेळणाऱ्याच्या हाती काहीच नाही.’ आक्षेप रास्त आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या या पटावर दान पडेल तितकी घरे जायचे. कोणत्याही न्यायालयात तो निव्वळ दैवाचा ठरेल. तरीही त्यात अर्थ आहे, आणि तो अर्थ चालीत गुंफलेला आहे. सद्गुणाच्या घरावरून शिडी चढते, दुर्गुणाच्या घरावरून साप खाली नेतो; घराचे नाव आणि सोंगटीचे वरखाली होणे यांची गाठ बांधलेली आहे. सापांची चित्रे फिकी झाली तरी ती गाठ सुटत नाही. उलट, पुढे विलायती सापशिडीत चित्रे अधिक ठसठशीत झाली आणि गुणदुर्गुणांची ती गाठ सैल होत गेली. उरली ती करमणूक. तात्पर्य, खेळाला काही सांगायचे असेल तर ते त्याने चालीतून सांगावे.

हा निकष हाती घेऊन आता पुण्याच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या खेळाकडे वळू. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तो घडवला. २०१७ साली लोकांकडून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न सफल झाला नाही. तरी जिद्द न सोडता त्यांनी काम पुढे नेले, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर व ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर खेळ प्रसिद्ध झाला. ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षी पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. पुण्यातील मूठभर माणसांनी एवढी मजल मारावी, ही निःसंशय अभिमानाची गोष्ट आहे.

कथा अशी: राजी आणि गोलू ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी भावंडे. रक्षाबंधनाच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो, महाबलासुराच्या सेना गोलूला पळवून नेतात, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन राजी भावाच्या शोधात निघते. वाटेत दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद ऐकू येतो. रूपाविषयी बोलायचे तर या खेळाला आम्ही हात जोडतो. राजस्थानी गढ्या आणि हवेल्यांची धाटणी, भिंतीभिंतींवर रंगवलेल्या पुराणकथा, छायाबाहुल्यांच्या द्वारे सांगितलेले प्रसंग! आपल्या देवदेवता परक्यांच्या खेळांत बहुधा विचित्र वेषांत भेटतात. येथे त्या आपल्या माणसांनी, आपल्या चित्रपरंपरेचे भान ठेवून रेखाटल्या आहेत.

पण हा खेळ आहे, चित्रशाळा नव्हे. राजी असुरांशी लढते त्या जागा बहुधा बंदिस्त चौक असतात. वाट बंद होते, शत्रू प्रकटतात, सर्वांना मारल्यावर वाट खुली होते. पहिल्या चौकात जे केले तेच थोड्या फरकाने पुढच्या चौकात करावे लागते. आघात आणि बचाव यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. हरल्यावर आपले काय चुकले हे नेमके उमगत नाही. ज्या खेळात पराभव शिकवीत नाही, त्याची चाल कच्ची आहे असे समजावे. भिंतीवरील चित्रांपुढे उभे राहून आपण कथा ऐकतो. ऐकणे सुखद आहे, परंतु ऐकलेल्या कथेने पुढच्या खेळात काही पालटत नाही. शेवटही घाईने गुंडाळल्यासारखा वाटतो.

आणि तरीही या खेळात एक स्थान असे आहे की तेथे रूप आणि चाल एकजीव होतात. राजी कसरत करणारी मुलगी आहे. म्हणून लढताना ती खांबाला धरून गरगर फिरते आणि सभोवतीच्या शत्रूंना उडवते. भिंतीवर धावत चढून तेथून उलटी झेप घेते. त्या क्षणी हवेलीचा खांब केवळ शोभेचा राहत नाही. तो खेळणाऱ्याच्या हातातले साधन होतो. मुलीचा पेशा, वास्तूची घडण आणि बोटांची हालचाल ही तिन्ही एकाच गोष्टीत उतरतात. एकनाथांनी भारुडात फुगडी आणली, तुकोबांनी अभंगांत मुलांचे खेळ आणले, तेव्हा त्यांनीही खेळाडूंचे कपडेलत्ते वर्णिले नाहीत. खेळातल्या कृतीतच त्यांना अर्थ दिसला. राजीच्या कर्त्यांना तो मार्ग एकदा सापडलेला आहे. पुढच्या कृतीत त्यांनी आणखी चार भिंती रंगवण्यापेक्षा आणखी चार खांब असे जिवंत करावेत, अशी आमची अपेक्षा आहे.

आमच्या वाचकांपैकी काहींना हे परीक्षण कठोर वाटेल. खेळात देवीचे दर्शन घडते, मुलांना पुराणकथा कळतात, एवढे पुरे नाही काय, असे ते म्हणतील. आमच्या मते पुरे नाही. देवीचे चित्र आहे म्हणून दुबळ्या नाटकाला आपण उत्तम नाटक म्हणत नाही, आणि भजनाचे शब्द पवित्र आहेत म्हणून बेसूर गाणाऱ्याला गवई म्हणत नाही. श्रद्धेची सवलत देऊन केलेले कौतुक कलावंताला पुढे जाऊ देत नाही. शिवाय मुले फसत नाहीत. ज्या खेळाची चाल कच्ची, तो ती दोन दिवसांत बाजूला ठेवतात, आणि त्याबरोबर त्यातील कथाही बाजूला पडतात.

चालीची एवढी थोरवी गायल्यावर तिच्यातला धोका सांगणे भाग आहे, आणि तो पांढुर्ण्याच्या माणसाइतका कोणाला ठाऊक असणार! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. दगडांच्या वर्षावातून झाडापर्यंत जायचे, ते तोडायचे आणि झेंडा आणायचा. झेंडा चंडीमातेच्या मंदिरात पोहोचला की खेळ सरतो. गोटमारीला रूप म्हणून काही नाही: नदी, झाड आणि दगड. चाल मात्र अशी की वर्षभर आपापल्या कामात असलेली माणसे त्या एका दिवशी भान विसरतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. कित्येकांनी प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी हात दगडांकडेच वळले. जेथे जीव जातो तेथे परंपरेचे नाव पुरेसे समर्थन नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. येथे मुद्दा एवढाच की, चालीत माणसाला पकडण्याची विलक्षण शक्ती असते, आणि ती शक्ती आपल्याला कोठे ओढून नेते याचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

मोबाइलवरील कित्येक खेळांची चाल अशीच घट्ट पकडणारी असते, आणि ती मुद्दाम तशी आखलेली असते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर तोटा. थोडे पुढे गेले की वाट अडते आणि पैसे भरल्यावर मोकळी होते. अशा खेळात नियम खेळणाऱ्याची बुद्धी जागी करण्यासाठी नसतात. त्याला बसवून ठेवण्यासाठी असतात. पुष्कळ घरांत अजून एकच फोन आहे. दिवसा तो वडिलांबरोबर संत्र्याच्या बागेत किंवा बाजारात जातो आणि संध्याकाळी मुलांच्या हाती येतो. त्या तासाभरात मुलापुढे काय येते, हा प्रश्न अशा घरांत अधिक मोलाचा आहे. साध्या फोनमध्ये भारी रूपाचे खेळ मावत नाहीत, याचे दुःख करण्याचे कारण नाही. टेट्रिस त्यात मावतो, बुद्धिबळ त्यात मावते. आणि दुर्दैवाने खिसा कापणारे खेळही त्यात मावतात.

म्हणून वडीलमंडळींना एक साधी सूचना. मुलाने नवा खेळ मागितला तर चित्रे पाहून हो म्हणू नये, आणि चित्रे भडक आहेत म्हणून नाहीही म्हणू नये. त्याच्या शेजारी बसून पाऊण तास तो खेळ स्वतः खेळून पाहावा. मग मुलाला खेळू द्यावे, आणि तो हरला की काय म्हणतो तिकडे कान द्यावा. ‘थांबा, आता त्या बाजूने जाऊन पाहतो,’ असे म्हणाला तर खेळ चांगला आहे. आणखी थोडा वेळ खेळू द्यायला हरकत नाही. ‘पैसे भरले असते तर जिंकलो असतो,’ असे म्हणाला तर फोन परत घ्यावा आणि ओसरीवर कोळशाने वाघ-बकरीचा पट आखून द्यावा.